दत्तूची चाळण

दत्तूनं शिलाई मशीनचं खालचं मोठं चाक काढलं तेव्हा ललिता घरी नव्हती. असती तर काढू दिलं असतं थोडंच. ती विंचूरला गेली होती अस्तर आणायला, आणि परत येऊन बघते तर पडवीत मशीन नुसतं डोकं घेऊन उभं. खालचं चाक नाही, पायडलाला जोडणारा दांडा नाही, चामड्याची वादी भुईवर पडलेली. सासू मंगलाबाई तिथंच बसून लसूण सोलत होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, मला काय विचारती बाई, त्याला लागत व्हतं, त्यानं नेलं. जशी काही शेजारी वाटीभर साखर दिली.

चाक कशाला लागत होतं हे ललितानं विचारलंच नाही. नवऱ्याला ती ओळखून होती. दत्तू दारू पीत नव्हता, पत्ते खेळत नव्हता, शेतात कामचुकारपणा करत नव्हता. कुणी वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं. फक्त कुठं काही गरगर फिरताना दिसलं की त्याच्या डोक्यात तेच फिरायला लागायचं. मागं एकदा सायकलच्या चेनीवर जातं फिरवायचं म्हणून त्यानं सासूच्या सासूपासूनचं जातं फोडून ठेवलं होतं. तेव्हा मंगलाबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. पण पोराचं कौतुक असं असतं, की जात्याचं दुःख विसरायला त्यांना महिनासुद्धा लागला नाही.

या वेळी त्याच्या डोक्यात चाळण होती. विंचूरला एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर त्यानं कांद्याची चाळण बघितली. लोखंडी पट्ट्यांची लांब चौकट, चार साखळ्यांवर टांगलेली, मोटर लावली की पुढं-मागं, पुढं-मागं हलते. बारीक गोल्टी खाली पडते, मोठा माल हलत हलत पुढं जातो. दत्तू तिथं अर्धा दिवस उभा राहिला. भाव विचारायला गेला होता, ते विसरूनच आला. घरी येऊन जेवताना सांगत होता, की मोटर तर गोल फिरती, मग चाळण सरळ कशी हलती, तर चाकाच्या कडेला एक खुंटी असती, खुंटीला दांडा, चाक फिरलं की दांडा ढकलतो आन् ओढतो, ढकलतो आन् ओढतो. हे सांगताना त्याच्या हातातली भाकर पुढं-मागं होत होती आणि कालवण ताटाबाहेर सांडत होतं.

इथवरसुद्धा ललितानं सोसलं असतं. पण त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी जे केलं, ते कुणी शहाणा माणूस करणार नाही.

त्यांच्या वस्तीवर चाळीतला, म्हणजे तारेच्या जाळीच्या लांब कोठीत साठवलेला कांदा सावडीनं निवडतात. भादव्यात हवा ओली झाली की उन्हाळ कांद्याला पाणी सुटायला लागतं, एक सडला की शेजारच्या चौघांना घेऊन जातो. मग चाळ फोडायची, सगळा कांदा खाली ओढायचा, सडका वेगळा, कोंब आलेला वेगळा, चांगला परत भरायचा. एका घरच्या बायांनी हे उरकत नाही. म्हणून प्रत्येक घरची एक बाई सगळ्यांच्या चाळीवर जाते, आणि आपली पाळी आली की सगळ्या आपल्याकडं येतात. रोजंदारी नाही, मजुरी नाही, नुसता चहा आणि दुपारची भाकर. कुणाची पाळी कधी ते लंकाबाई ठरवते, आणि तिनं ठरवलं की त्यात सरपंचसुद्धा बोलत नाही.

तर हा शहाणा सकाळी डेअरीवर दूध घालायला गेला आणि चारचौघांत म्हणाला, आमच्या घरचं नाव सावडीतून काढा. आमच्या चाळीला यंदा बाया लागायच्या नाहीत, मी मशीन करू राह्यलो. लंकाबाई किटली घेऊन तिथंच उभी होती. तिनं ऐकलं, मान हलवली, दुधाची स्लिप कमरेला खोचली आणि गेली.

ललिताला यातलं काही माहीत नाही. ती नेहमीसारखी राखीच्या चाळीवर गेली; त्या दिवशीची पाळी राखीची होती. बाया ओळीनं गोणपाटावर बसल्या होत्या, मधे कांद्याचा ढीग. ललिता बसायला वाकली तर कुणी सरकलं नाही. राखीनं तर मान खालीच घातली. लंकाबाईनं हातातला कांदा अंगठ्यानं दाबून बघितला, मागं टाकला आणि शांतपणे म्हणाली, तुझ्या मालकानं नाव काढलं की. तू कशाला बोटं काळी करती? घरी मशीन हाय ना.

त्यावर दोघीतिघी हसल्या. ललिता अर्धी वाकलेली तशीच सरळ झाली. माझ्या नवऱ्यानं मला न विचारता नाव काढलं म्हणावं तर तीही शोभाच. ती रस्त्यानं येताना तिच्या कानशिलातून आग निघत होती, आणि वरून त्या मेल्या पावसाची भुरभुर काही थांबत नव्हती. धड पडेना, धड उघडेना. सगळं आभाळ दमट फडकं टाकल्यासारखं.

घरी दत्तू चाळीसमोर उघडाबंब बसून मोटर जोडत होता. कडबा कुट्टीची जुनी मोटर. ललितानं काय काय ऐकवलं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. त्याला समजत नव्हतं असं नाही, पण तो ऐकत होता पान्ह्याकडं बघत. शेवटी म्हणाला, दोन दिवस थांब, मग त्याच बाया येतील बघायला. ललितानं कपाळाला हात लावला. त्यांच्या चाळीची डावी बाजू वास मारायला लागली होती. तारांच्या फटीतून खाली काळं पाणी टिपकत होतं, त्यावर चिलटं घोंगावत होती. यंदाचा सगळा हंगाम त्या चाळीत होता. सावडीतली त्यांची पाळी आता उज्वलाच्या घराला गेली होती, आणि चाळ फोडायला घरात हात किती, तर ललिताचे दोन आणि सासूचे गुडघे धरून उठणारे दोन.

पहिल्यांदा मशीन चालू केलं तेव्हा ते इतका थोडा वेळ चाललं, की चाललं म्हणावं का हाच प्रश्न आहे. दत्तूनं बटण दाबलं, मोटरीनं हुंकार भरला, आणि चाळण अशी काही थरथरली की वरचे कांदे हवेत उडाले. एक जाऊन मंगलाबाईंच्या नडगीवर बसला. शिलाई मशीनचा तो बारीक दांडा मधेच वाकून फिरकीगत झाला आणि चौकट एका साखळीवर लोंबकळायला लागली. दत्तूनं पळत जाऊन वायर उपटली. मंगलाबाई नडगी चोळत म्हणाल्या, दत्तू, हे चाळन हाय का बाँब हाय?

मग तो गेला ज्ञानेशच्या वेल्डिंगच्या दुकानात. तिथून जाड सळईचा दांडा करून आणला, आणि वरून खुंटीही चाकाच्या पार कडेला नेऊन बसवली. का, तर हिसका मोठा बसावा म्हणून. दुसऱ्यांदा चालू केलं तर दांडा वाकला नाही, पण ज्या खांबांना चौकट टांगली होती ते खांब हलले आणि चाळीचे चार पत्रे खडखडले. शेळी दावं तोडून पळाली. ललिता तिच्यामागं चिखलातून पार ओढ्यापर्यंत गेली. शेळी सापडली, ललिताची एक चप्पल मात्र चिखलानं ठेवून घेतली.

परत आली तेव्हा ती चांगलीच चिडली होती. पदरानं तोंड पुसून ती चाळीसमोरच्या दगडावर बसली आणि त्या यंत्राकडं बघत राहिली. दत्तू शेजारी उकिडवा बसून तेच बघत होता. आणि बघता बघता तिला त्यातली चूक दिसली. दिसायला नको होती, पण दिसली. इतकी वर्षं त्या चाकाशी तिचा पाय खेळला होता. शिलाई मशीनला मोठं चाक खाली असतं आणि लहान चाक वर. पाय सावकाश हलतो, सुई पळते. या बहाद्दरानं तसंच्या तसं इथं उतरवलं होतं. मोठं चाक मोटरीला आणि कुट्टीवरून काढलेलं लहान चाक चाळणीला. मोटर आधीच पिसाटासारखी फिरणारी, तिला अजून पळवलं. कांदे चाळायची चाळण, आणि वेग शिलाईच्या सुईचा.

ती गप्प बसली असती तर बरं झालं असतं. पण चुकीचं चाललेलं बघवत नाही अशीही एक खोड असते माणसाला. ती म्हणाली, "उलटं केलंय तुम्ही. बारकं चाक मोटरीला लावा, मोठं चाळणीकडं. म्हंजी सावकाश फिरंल. आन् ती खुंटी कडंला कशाला नेली? आत घ्या, मधाकडं. खुंटी जितकी कडंला, तितका दांडा लांब ढकलतो."

दत्तू उठला, आणि बाई काय सांगावं, त्या माणसानं चहा घेतला नाही, आंघोळ केली नाही. संध्याकाळपर्यंत दोघं मिळून तेच करत होते. ललितानं वादी ताणून धरली, त्यानं नट आवळले. खुंटी चार बोटं आत घेतली तर चाळण नुसतीच मान डोलवायला लागली, म्हणून परत दोन बोटं बाहेर. चौकट पुढच्या बाजूला थोडी उतरती केली, म्हणजे कांदा आपण होऊन पुढं सरकेल. ते तिनंच सुचवलं. मंगलाबाई दोनदा येऊन बघून गेल्या आणि दोन्ही वेळा म्हणाल्या, आज दोघं येडे झाले. भाकरी त्यांनीच थापल्या.

सकाळी बटण दाबलं आणि चाळण चालली.

खरंच चालली. चाक गोल फिरत होतं, खुंटी त्याच्याबरोबर वर जात होती, खाली येत होती, दांडा ढकलत होता, ओढत होता, आणि सगळी चौकट डाव्या-उजव्या पायावर झुलणाऱ्या बैलासारखी शांत हलत होती. दत्तूनं चाळीतून पाट्या भरभरून ओतल्या. गोल्टी टपटप खाली पडायला लागली, मोठा कांदा एकामागं एक पुढं सरकून गोणपाटावर उतरायला लागला. मोटर आवाज करत होती, पण तोसुद्धा कसा, एका सुरात. ललिता तोंडाला पदर लावून उभी होती आणि तिला हसू येत होतं. इतक्या दिवसांच्या चिडचिडीवर कुणी पाणी ओतावं तसं झालं. दत्तूनं तिच्याकडं बघून नुसती भुवई उडवली. त्या वेळी तिला तो नवरा म्हणून आवडला, हेही सांगायला पाहिजे. दोघं कितीतरी वेळ ती चाळण बघत उभे राहिले. पाटी ओतायची, बघायची. पाटी ओतायची, बघायची.

मंगलाबाईंनी येऊन गोणपाटावरचा एक कांदा उचलला. बोटांना काहीतरी लागलं म्हणून पदराला पुसलं, वास घेतला आणि दुसरा उचलला. मग तिसरा. मग त्या मोठ्यानं ओरडल्या, बंद कर आधी ते.

ललितानं वाकून बघितलं. गोणपाटावरचा सगळा कांदा ओला होता. चाळण मोठा-बारीक करत होती, ते तिचं काम तिनं चोख केलं होतं. पण सडका आणि चांगला हे तिला कुठं कळणार? मऊ पडलेला कांदा पट्ट्यांवर आपटून फुटत होता, आणि त्याचं ते काळं घाण पाणी मागून येणाऱ्या प्रत्येक कांद्याच्या अंगाला चोपडून देत होती. ज्या कांद्याला काही झालेलं नव्हतं, त्यालासुद्धा. व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा येतो तो निवडून, वाळून. तिथं फक्त बारीक-मोठं करायचं असतं. घरच्या चाळीत बारीक-मोठ्याचा प्रश्न होता कधी? हे दत्तूला सुचलं नाही म्हणून त्याच्या नावानं बोटं मोडावीत, तर सकाळपासून ती स्वतः तिथंच उभी होती. जन्मभर कांदा निवडलेली बाई. चाळण हलते कशी ते बघत राहिली, चाळणीत काय आहे ते तिनं बघितलंच नाही.

तिला रडू आलं नाही. चीड आली, आणि तीही कुणावर काढावी ते कळेना. दत्तू चाकावर हात ठेवून उभा होता. चाक थांबलं होतं, तरी त्याचा हात तिथंच. ती म्हणाली, चला, पसरा आता. तिघांनी मिळून तो ओला कांदा ओट्यावर, पडवीत, घरात, जिथं कोरडं सापडलं तिथं पसरला. घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. शिलाई मशीनचं डोकं काढून खाटेवर ठेवलं आणि त्या जागीसुद्धा कांदा टाकला. चाळीत अजून निम्म्याच्या वर माल तसाच होता.

दुपारी ललिता लंकाबाईकडं गेली. लंकाबाई दारात बसून पायाच्या भेगांना मेण लावत होती. तिनं बस म्हटलं नाही, ललिताही बसली नाही. झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. यंत्र चालवण्यात आपला हात होता तेही सांगितलं. लंकाबाई ऐकत होती आणि मधे मधे भेग बघत होती. सांगून झाल्यावर ललिता म्हणाली, मावशी, पाळी मागं गेली तर जाऊ द्या, पण नाव परत घ्या. मी सगळ्यांच्या चाळीवर दुप्पट बसंन.

लंकाबाईनं मेणाची डबी बंद केली. म्हणाली, "तू दुप्पट बसली तर तुझी कंबर मोडंल, दुसरं काय? तू काय केलंय? डेअरीवर चार मान्सांत नाव काढलं तुझ्या मालकानं. ज्यानं काढलं त्यानं बसावं. उद्यापास्नं उज्वलाकडं, मंग माझ्याकडं. आमच्या वळीत, गोणपाटावर. तो बसला तर तिसऱ्या दिशी आम्ही तुमच्या चाळीवर."

निवडायला बाप्या बसल्याचं त्या वस्तीवर कुणी बघितलेलं नव्हतं. बाप्यांनी पाट्या वाहायच्या, गोण्या शिवायच्या, फार तर चहा आणायचा. ओळीत बसून कांदा दाबून बघणं हे बायांचं. ती घरी आली आणि जेवण झाल्यावर, ताटं उचलायच्या आधीच, सांगून टाकलं. दत्तूचा चेहरा पडला. "मी? बायांच्या वळीत?" इतकंच म्हणाला. ललितानं ताटं उचलली. तिला ठाऊक होतं की बोललं तर ती सासूदेखत नको ते बोलून जाईल.

बोलल्या त्या मंगलाबाई. आजवर त्या पोराला कधी लागेलसं बोलल्या नव्हत्या; जातं फोडलं तेव्हासुद्धा नाही. "नाव काढताना तोंड व्हतं ना तुला," त्या म्हणाल्या. "मंग आता बसताना काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ललिता उज्वलाच्या चाळीकडं निघाली तेव्हा दत्तू अंथरुणात होता, का तसं दाखवत होता. ती एकटीच गेली. बाया बसायला लागल्या होत्या. लंकाबाईनं तिच्या मागं रस्त्याकडं बघितलं, पण जागा केली नाही. ललिता ढिगाच्या कडेला उभी राहिली. पायाखालचा चिखल बोटांतून वर येत होता. काय वाटत होतं तिला म्हणून विचाराल तर असं वाटत होतं, की या माणसाला आता हाताला धरून ओढून आणावं, नाहीतर आपणच जाऊन ओढ्यात बसावं.

तो आला. डोक्याला टॉवेल गुंडाळून, खाली बघत, जरा बाजूनं. उज्वलाच्या दिरानं पाटी उचलता उचलता शिट्टी वाजवली. दत्तूनं ऐकलं, त्याचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही. लंकाबाई सरकली. तिच्या शेजारची जागा, म्हणजे ओळीतली सगळ्यात अवघड. तिथं बसलं की चुकीचा कांदा लपवता येत नाही. तो मांडी घालून बसला आणि ललितालाही जागा झाली.

दिवसभर त्यानं बोलणी खाल्ली. चांगला मागं टाकला म्हणून खाल्ली, सडका पुढं टाकला म्हणून खाल्ली. लंकाबाई त्याच्या हातातून कांदा काढून घ्यायची, देठाजवळ अंगठ्यानं दाबायची आणि परत त्याच्या हातात द्यायची. डोळ्यानं काय बघतो, ती म्हणायची, वरून सगळेच सारखे दिसत्यात. संध्याकाळी त्याला उठता येईना. गुडघ्यावर हात देऊन, मग मातीवर हात देऊन तो उठला आणि बाया तोंड फिरवून हसल्या. ललिता हसली नाही. तिला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचाच राग येत होता.

लंकाबाईकडंही तो बसला. आणि तिसऱ्या दिवशी, लंकाबाईनं सांगितल्याप्रमाणे, सगळ्या बाया ललिताच्या दारात आल्या. तोंडाला फडकी बांधून, कारण वास आता रस्त्यापर्यंत येत होता. त्यांनी चाळ फोडली. डाव्या बाजूचा तर कांदा म्हणायचा नाही, चिखलच ओढला खोऱ्यानं. उजव्या बाजूला मात्र हात घातला तर आतून कोरडा, खणखणीत माल निघाला. लंकाबाईनं एक कांदा कानाशी हलवून बघितला आणि म्हणाली, निम्मं तरी हाती लागंल. पसरलेल्या कांद्यातला काही गेला होता, काही वाचला होता. ललितानं निम्मं हा शब्द ऐकला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा जीव खाली बसला. निम्मं तर निम्मं.

दुपारपर्यंत ओळ चांगली लागली. हात चालत होते, बोलणी चालत होती. मंगलाबाई चहा फिरवत होत्या. दत्तू आता जरा बरा निवडत होता; लंकाबाईनं दोन-तीनदाच त्याच्या हातातला कांदा काढून घेतला. मग तो निवडता निवडता थांबला. त्यानं एक कांदा हातात धरला, अंगठ्यानं दाबला, सोडला, परत दाबला. दाबला, सोडला. त्याची नजर लांब कुठंतरी गेली. ललितानं हातातला कांदा खाली ठेवला.

"लंकामावशी," तो म्हणाला, "हे दाबायचं काम हाय ना अंगठ्याचं, ते जर रबराच्या दोन रुळांनी..."

ओळीतले सगळे हात थांबले. राखीनं फडक्यावरून तोंड दाबलं. लंकाबाई दत्तूकडं बघत नव्हती, ती ललिताकडं बघत होती. ललितानं मागच्या घमेल्यात हात घातला, चाचपून एक अगदी विरघळलेला कांदा काढला, नवऱ्याच्या तळहातावर ठेवला आणि आपल्या दोन्ही हातांनी त्याची मूठ घट्ट मिटली. काळं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"निवडा," ती म्हणाली.

आणि तो निवडायला लागला.